लेझर की शेव्हर

मंगळवार, रात्र. मयूर विहार.

तो चमचा अजून कानात वाजतोय.

आमच्या मुक्ताच्या घशात चामखिळीसारख्या गाठी परत आल्यात. कॅन्सर नाही, पण काढल्या की येतात. हे पाचवं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, लेझरने जाळू किंवा शेव्हरने, म्हणजे फिरत्या बारीक पात्याने, खरवडू, तुम्ही सांगा. मी काय सांगू? लेझरने व्रण राहून आवाज कायमचा गेला तर? शेव्हरने थोडं मागे राहिलं तर?

जेवताना आम्ही नवराबायको मुद्दाम जड मराठीत बोलत होतो. दिल्लीत वाढलेल्या पोरीला 'स्वरतंतू', 'व्रण' कुठून कळणार? तेवढ्यात तिने वाटीवर चमचा वाजवला. आवाज बसल्यापासून ती अशीच हाक मारते.

"आई," ती कुजबुजली, "मला बाकी काही नाही कळलं. फक्त 'पुन्हा' कळलं."