पहिल्या बाटलीत लवंग

९ डिसेंबर
समाजमंदिरात तपासणीवाले आले. करोनाच्या आधीपासून दरसाल येतात. तेव्हा नुसती शुगर, बीपी, वजन. माझी शुगर ठीक. यंदा नवीन काढलंय, डोळे मिटून बाटलीतला वास ओळखायचा. चार बाटल्या. मी चारी ओळखल्या, आमच्या ह्यांनी माझ्या आधीच. पण एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस, गप्प कसा बसणार. बाहेर ओट्यावर उभं राहून रांगेत प्रत्येकाला थांबे सांगावे तसं, "लवंग, लिंबू, कॉफी, गुलाब. चला पुढं."
सगळी गल्ली पास म्हणे. दिवसभर खुशीत.

१० डिसेंबर
फजिती. काल जेवणानंतर निकितानं (तपासणीची पोरगी) बाटल्या मागंपुढं केल्या होत्या. तरी सगळ्यांचं लवंग, लिंबू, कॉफी, गुलाब. समोरच्या मंदाला विचारलं तर म्हणती, "वास गुलाबाचाच आला व्हता. पण भाऊ लवंग म्हणाले. म्हणलं आपलंच नाक चुकत असंल."
निकिता हसून बेजार. मग म्हणाली, "आजी, करोनानं कुणाचं काय नेलं, कुणाचं परत आलं, हे एकाला विचारून नाही कळत. गावंच्या गावं विचारावी लागतात, वर्षानुवर्षं. तुमचं करोनाआधीचं सगळं आमच्याकडे लिहिलेलं आहे, म्हणून तर तुम्ही मोलाच्या. पाठ केलेलं सांगितलंत तर आम्ही काय शिकणार?"
शुक्रवारी परत सगळ्यांची. ह्यांना त्या दिवशी घरी चहाची ड्यूटी.
एक डोक्यातून जाईना. काल दुपारी मी तिथं पाणी देत होते. सगळ्या अडखळल्या, तोंडं वाकडी केली. शेजारची रझियाआपा मात्र धडाधड बोलली.

११ डिसेंबर
आपाकडं गेले. नान-खलियाच्या रश्श्याचा मसाला भाजत होती. तिच्या मसाल्याशिवाय इथं लग्नाच्या जेवणाची देग चुलीवर चढत नाय. सरळ विचारलं, वास कधीपासून येत नाय?
"करोनापासून." हात थांबला नाय. "धने रंगावरून कळतात, मिरची खोकल्यावरून. बाकी अंदाज. किसीको बोलू नक्को, कौसा. नाक गेलेल्या बाईला देग कोण देईल?"
"चव तर तीच हाय."
"तुला काय कळती चव. वरणात गूळ घालणारी तू."
दोघी हसलो. मग ती थोडी रडली. तेवढ्यात मसाला मीच हलवला. करपला असता तर तिला कळलंही नसतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
आपा निघंना. म्हणलं, तुझ्यासारख्या किती बायका अंदाजानं फोडण्या देत असतील. तू खरं बोलली तर त्या पण मोजल्या जातील. गेली. चारी बाटल्यांना एकच उत्तर, "पानी."
निकितानं शिकवलं, सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास घ्यायचे, मन लावून, महिनोन् महिने.
"येईल का परत?"
"काहींचा येतो, काहींचा नाही. कुणाचा येतो तेच तर शोधतोय."
साफ बोलली. आवडली पोरगी.
बाहेर येऊन आपानं स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. मग मंदा म्हणाली, "माझ्या भाच्याच्या लग्नाची देग तुझ्याकडंच. हुंगायला मी बसते शेजारी."
आपा म्हणाली, "तू? गुलाबाला लवंग म्हणणारी?"
ओट्यावर हसून हसून पोटं दुखली.

२८ डिसेंबर
गल्लीला नवीन नाद. सकाळी कुणी लिंबू पाठवतं, कुणी लवंगा. हे रोज आपासाठी गुलाब आणतात. मला तर कधी आणला नाय, म्हणलं. संध्याकाळी दोन आणले. एक भजी तळताना कानामागं लावला.
आपाचं अजून पानीच.

१८ जानेवारी
गंगापूरला भावाच्या शेतात हुरडा. आपाला बळंच नेलं. आगटी पेटली, कणसं तडतडायला लागली. आपा बोलता बोलता थांबली.
"कुछ तो हाय."
"दिसतंय म्हणून वाटत असंल," हे म्हणाले.
तिनं तोंड फिरवलं, पदर डोळ्यांवर बांधला. मी पिशवीतली लवंग काढली. एका मुठीत लवंग, दुसरी रिकामी, दोन्ही तिच्या नाकापुढं धरल्या. लई वेळ हुंगली.
"ही."
बरोबर.
"पास," हे म्हणाले.
"चूप. दोन मुठींत एक तर कुणी पण सांगंल. कौसा, हात बदल. नायतर नक्को बदलू, मला सांगू नको. परत कर."
मी मुठी पाठीमागं नेल्या.