नखातली लाली

प्रिय सत्यभामा,

तुझा हात आता वर जातो, वेणीही तूच घालतेस, असं तुझा भाऊ सांगून गेला. जीव भांड्यात पडला. तुझ्या गुरुजी वडिलांनी लेकीला वाचायला शिकवलं हे फार बरं केलं; नाहीतर हे पत्र त्या भावानेच मोठ्याने वाचलं असतं आणि तुझ्या माहेरी, चकलांब्यात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. इकडे बाजरी निसवली आहे. गाय व्यायली. आईने तुझ्यासाठी खरवस झाकून ठेवला होता, तो मी खाल्ला.

पंचमीला तू झोक्यावरून पडलीस आणि खांदा निखळला. सटवा वैदू ओढायचा, तसा तुझा दंड जास्तच आवळायचा. बीडचे डॉक्टरसाहेब म्हणाले, दुखतंय म्हणून स्नायूंनी मूठ आवळली आहे. ती जोराने नाही, क्लोरोफॉर्मनेच सुटेल. नाकावर रुमाल आला, तिथवरचं तुला ठाऊक आहे. पुढचं माझ्याकडून ऐक.

तुझा ताठरलेला दंड मळलेल्या कणकेसारखा सैल पडला. पण तेच औषध काळजालाही ढिलं करतं, रक्त बोटांपर्यंत पोचेनासं होतं, म्हणून साहेब नखांचा रंग बघत राहतात. तुझ्या हाताच्या नखांवर पंचमीची मेंदी! ओठ रुमालाखाली. साहेब मला म्हणाले, पायाच्या अंगठ्याचं नख दाबा, सोडा, लाली परतली की बोला. सगळ्यांदेखत मी तुझा पाय धरला. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. खांदा खट्कन जागेवर बसला, आणि नेमकी तेव्हाच लाली परतेना. साहेबांनी रुमाल झटकन काढला. मी फार घाबरलो गं. नख सोडून पाऊलच दोन्ही हातांनी चोळत बसलो. मग हळूहळू रंग आला.

आता तुझा निरोप आलाय, की नवऱ्याने पाय धरले, हे पाप नारायणगडाला जाऊन फेडल्याशिवाय सासरी येणार नाही. मी वाद घालणार होतो. आईला विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "तिला लिव्ह, दुसरा पाय मी धरलता. मंग माझं पाप कोन फेडायचं?" माझी नजर त्या एका नखावर होती, मला हे दिसलंच नव्हतं. सोमवारी गाडी जुंपून येतोय. गडाला जायचंच असेल, तर तिघं जाऊ.

वाट बघणारा, तुझाच
उत्तरेश्वर