बाबांच्या वजनाची फळी

रविवार, ता. १२ जानेवारी, सकाळचे साडेअकरा. दुकानातला वजनकाटा ओल्या फडक्याने पुसत होतो, तो अर्धवट सोडून लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे, कारण दुकानातलं टेबल फार बुटकं आहे.) तुझ्या गुडघ्यांची सूज उतरली का, आणि डोळ्यांचे थेंब तू अंदाजाने न घालता आरशात बघून घालतेस ना, ते कळव. मागचं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते मिळालं. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटू देऊ नये असं तू म्हणाली होतीस, म्हणून या वेळी शब्दकोश शेजारी उघडा ठेवला आहे. आम्ही दोघंही ठीक आहोत असं लिहिणार होतो, पण मग पत्र इथेच संपलं असतं.

आज वाऱ्यामुळे बर्फावर घसरायची टेकडी बंद आहे, त्यामुळे दुकानात मी आणि भिंतीला टेकलेले स्नोबोर्ड एवढेच आहोत. माझं काम तुला माहीतच आहे : येणाऱ्याला त्याच्या अंगाला आणि स्वभावाला शोभेल असा बोर्ड काढून द्यायचा. गेल्या गुरुवारी दुपारी दार उघडून आत कोण आलं असेल, तर बाबा. आई गेल्यापासून जो माणूस दूध आणायलाही खाली उतरत नव्हता, तो आईचा मफलर गुंडाळून उभा. हातात टेकडीचा पास होता. आई वीस वर्षं टेकडीच्या तिकीटखिडकीत बसली, दरवर्षी तिला घरच्या माणसासाठी एक फुकट पास मिळायचा, आणि दरवर्षी बाबा "या वयात हाडं मोडून घेऊ का" म्हणून तो वाया घालवायचे. आईच्या सामानाबरोबर ऑफिसने शेवटचा पास घरी पाठवला होता. बाबा म्हणाले, "वाया कशाला घालवायचा? फळी दे एक." (स्नोबोर्डला ते फळीच म्हणतात. दुकानाच्या मालकीणबाईंना हे आवडत नाही.)

मी रीतसर विचारलं, की तुमची चालवण्याची शैली कोणती. कुणाला बर्फ कोरत लांब वळणं घ्यायची असतात, कुणाला उड्या मारायच्या असतात, कुणाला भुसभुशीत बर्फावर तरंगायचं असतं, आणि प्रत्येकाचा बोर्ड निराळा. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पडणाऱ्यांसाठी कोणता असतो असं विचारलं. मग जरा थांबून म्हणाले, "तुझी आई खिडकीतून बघायची ना, लोण्यातून सुरी फिरावी तसे येतात म्हणायची, ते लोक कोणता घेतात?" तो बोर्ड लांब आणि कडक असतो. नवशिक्याला देऊ नये, हे मी रोज दहा जणांना सांगतो. त्या दिवशी माझ्याच्याने सांगवलं नाही.

बोर्डावर आडवं उभं राहावं लागतं, आणि त्यात पुढचा पाय डावा की उजवा, हे विचारून कळत नसतं. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचं आणि मागून हलकेच ढकलायचं. सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो, तो पुढचा. आता बापाला ढकलायचं कसं? मी घुटमळलो, तेव्हा तेच म्हणाले, "ढकल. तुझ्या आईने जन्मभर ढकललं म्हणून तर इथवर आलो." मी फक्त एक बोट लावलं, तर बाबा थेट हातमोज्यांच्या खणापर्यंत गेले. मला वाटलं, नाटक करताहेत. आत्या, तिथेच मला कळायला हवं होतं.

कारण बोर्ड निवडताना सगळ्यात महत्त्वाचं असतं ते वजन. वजन पुरेसं नसेल तर बोर्ड वाकत नाही, आणि न वाकणारा बोर्ड वळत नाही. स्वतःचं वजन कुणी खरं सांगत नाही, म्हणून दारात काटा ठेवलाय आणि मी प्रत्येकाला त्यावर उभं करतो. न्यायाधीशांना केलं आहे, नवरीमुलीला केलं आहे. पण बापाला काट्यावर चढवायचं, ते कसं दिसतं? मी नुसतं विचारलं. "बहात्तर," बाबा म्हणाले. जन्मभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचलेला माणूस, त्याने सांगितलेला आकडा मी कसा तपासणार? लिहून घेतला बहात्तर.

पुढचं थोडक्यात लिहितो. नवशिक्यांच्या उतारावर बाबा उभे राहिले आणि निघाले ते सरळच निघाले. बोर्ड तसूभरही वाकला नाही. लहान मुलांचा वर्ग दुभंगला, त्यांच्या मास्तरांनी बर्फात उडी घेतली, आणि बाबा मफलर उडवत पार खाली तिकीटखिडकीच्या कठड्याला जाऊन थडकले. खिडकीत आता एक नवीन मुलगी बसते. तिने वर न बघताच विचारलं, "एक की दोन?" बाबा म्हणाले, "दोन." मी धापा टाकत पोचलो तेव्हा ते तिला सांगत होते, "नाही, नाही. एकच."

दुकानात आणल्यावर मालकीणबाईंनी बोर्डाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि काट्याकडे बोट दाखवलं. अठ्ठावन्न. बाबा म्हणाले, "काटा बिघडलाय." मी तो त्याच सकाळी तपासला होता. बाई मला एवढंच म्हणाल्या, "जगाला तोलतोस, घरी आंधळा."

घरी मी रोज स्वयंपाक करून ठेवतो. परत आलो की भांडं रिकामं असतं, आणि "मी आधीच जेवलो" असं बाबा सांगतात. शेजाऱ्यांचा कुत्रा अलीकडे फार गुबगुबीत झाला आहे, आणि मी मूर्ख, त्या शेजाऱ्यांचं कौतुक करत होतो. गुरुवारी मी बाबांना स्पष्टच विचारलं, की माझं करणं वाईट असतं का. ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले. मग म्हणाले, "वाईट नाही रे. अगदी मापात असतं. तिचं कधी खारट व्हायचं, कधी अळणी. घास घेतल्याशिवाय कळायचं नाही. आता आधीच कळतं."

बाकी सर्व कुशल. चुका आढळल्यास लाल शाईने कळव.

तुझा भाचा

ता. क. : महिनाभर इकडे राहायला ये. बाबा नेहमी सांगतात, की तू बोलण्याच्या नादात मीठ दोनदा घालतेस किंवा घालायचंच विसरतेस. मला तेच हवं आहे. येताना ही सवय सुधारू नकोस. थोरल्या बहिणीने वाढलेलं ताट कुत्र्याला घालायची त्यांची छाती होणार नाही.

ता. क. २ : पास हंगाम संपेपर्यंत चालतो. एक आखूड, मऊ बोर्ड मी बाजूला काढून ठेवला आहे. पण बाबा तो घेत नाहीत. म्हणतात, कडकच राहू दे, मी वजन वाढवतो.

ता. क. ३ : काटा पुसून झाला आणि तपासायला म्हणून मी स्वतः त्यावर उभा राहिलो. माझा आकडा जुन्या विजारी हल्ली सैल का होतात ते सांगणारा निघाला. आई होती तेव्हापेक्षा नऊ किलो कमी. तेव्हा बाबांचंच खरं असावं. काटा बिघडला आहे. तू लवकर ये.