बेचाळीस किलोमीटर आन् एक माईक

२४ नोव्हेंबर, सोमवार

नाव आलं! मुंबईच्या मॅरेथॉनमधी, भारतीय बायांच्या गटात, माहं नाव! कोकिळा शेषराव, पिंपळगाव राजा! प्रेमानंद सरच्या फोनवर मेल आला, आन् सर सायकल घेऊन थेट वावरात. आम्ही कापूस वेचून राह्यलो होतो. आईच्या ओटीतला कापूस खाली सांडला. बाबा नुसते "हाव? हाव?" करत होते.

दहा मिनिटं लय खुश होती मी. मंग सर म्हणे, "पोरी, पळाचं मी पाहून घेतो. पण पहिल्या तिघींत आली ना, त माईक समोर येते. टीव्हीवाले. इंग्रजीत विचारतात. मी दरसाल पाह्यतो."

बेचाळीस किलोमीटरची मले भीती नाही. खरंच नाही. पण माईक!

२५ नोव्हेंबर

नागपूरचं इथं कधी लिहिलं नव्हतं. आज लिहून टाकते.

मागच्या वर्षी एकवीस किलोमीटरमधी पहिली आली. स्टेजवर बोलावलं. कोटवाला माणूस इंग्रजीत काही विचारे, मी म्हटलं "यस सर". परत विचारलं, परत "यस सर". त्यानं वय विचारलं होतं म्हणे. मंग गाव. मंग सर कोण आहे ते. पाच वेळा यस सर! लोक खदाखदा हसले. कोणीतरी व्हिडिओ काढला. कॉलेजातले पोट्टे अजूनही मले पाहून सलाम ठोकतात, "यस सर!" सरच्या फोनवर पण तो व्हिडिओ आला. त्याईनं मले कधी सांगतलं नाही, पण मले माहीत आहे.

गाव त मले सांगता येते ना! पण माईक पाह्यला की नरडंच बंद होते. नाव कोकिळा ठेवलं बाबानं, काय फायदा?

२८ नोव्हेंबर

आई म्हणे, एवढी भेतं त जाऊ नको. तिले काय माहीत!

पोलीस भरतीत पळण्यात मी सगळ्या पोरींच्या पुढं होती. पण उंचीत दोन सेंटिमीटर कमी. पट्टी लावली आन् घरी पाठवलं. मी रडली नाही, सरच रडले, ग्राउंडच्या गेटजवळ, सायकल धरून. शाळेतून रिटायर झालेला माणूस रोज पहाटे पाचले माह्या मागं सायकलवर येते. काऊन? त्याईले काय भेटते?

आता एकच रस्ता उरला. सर सगळं विचारून आले. या शर्यतीत पहिल्या तिघींत आली त खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत अर्ज करता येते. चौथी आली त नाही. म्हणून पळाचंच आहे. आन् बोलाचंच आहे.

१ डिसेंबर

सरनं मले खामगावले हिमानी मॅडमच्या क्लासले लावलं. स्पोकन इंग्लिश. मॅडम चांगल्या आहेत, लय नीटनेटकं बोलतात. म्हणाल्या, "सगळं पुस्तक शिकवायला आपल्याकडे वेळ नाही. आपण फक्त मॅरेथॉनवर बोलायचं. मी रिपोर्टर, तू विजेती."

विजेती म्हटल्यावर मले माईकच दिसला.

हाऊ डू यू फील? — आय ॲम व्हेरी हॅपी.
वॉज इट डिफिकल्ट? — यस, द लास्ट पार्ट वॉज डिफिकल्ट.
हू इज युवर कोच?

अशी सत्तावीस उत्तरं वहीत उतरवून देल्ली. "घाबरू नकोस गं, रिपोर्टर काही खात नाही," म्हणाल्या. हासली मी. खोटं खोटं.

५ डिसेंबर

सरनं युक्ती काढली! पळता पळता पाठ कराचं. दोन पावलं — आय ॲम. दोन पावलं — व्हेरी. दोन पावलं — हॅपी. सर बाजूनं सायकलवर. एका हातात हवा भराचा पंप, तोच माईक! माह्या तोंडासमोर धरून ओरडतात, "हाऊ डू यू फील?" शेगाव रोडले ट्रकवाले गाडी हळू करून पाह्यतात. एकानं विचारलं, "मास्तर, पोरीच्या तोंडात हवा भरून राह्यले काय?" सर म्हणे, "हाव, जीव भरून राह्यलो."

सत्तावीसच्या सत्तावीस आले! एकही चुकलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं, जमते बाप्पा.

१२ डिसेंबर

नाही जमत.

क्लासमधी मॅडमनं समोर उभं केलं. पहिलाच सवाल, हाऊ डू यू फील. मी उभी. डोकं कोरं. एक शब्द नाही. पंधरा जण पाहून राह्यले. मंग आपोआप माहे पाय हलाले लागले, जागच्या जागी. आन् उत्तर आलं! आय ॲम — व्हेरी — हॅपी — माय कोच — माय पेरेंट्स. पाय थांबवले की बंद. परत हलवले की चालू. सगळा क्लास हसून हसून बेजार. मॅडम पण हसल्या, मंग त्याईले वाईट वाटलं असेल, कारण त्याईनं मले चहा पाजला.

सरले सांगतलं. सर म्हणे, "आपण शिकवाचं उलटं शिकवलं पोरी." पळतानी बोलता येते, उभ्यानं येत नाही. आन् माईक त शर्यत संपल्यावरच येते!

१३ डिसेंबर

आज अंगणात उभं राहून बोलाचा सराव केला. म्हशीसमोर. म्हशीले पण भेली.

२० डिसेंबर

पस्तीस किलोमीटर. पाय मस्त. इंग्रजी शून्य.

२४ डिसेंबर

हिंमत करून सरले विचारलं, "मी मराठीत बोलली त नाही चालणार?"

सर म्हणे, "अवं, तिथं दुनिया पाह्यते. नागपूरसारखं होऊ नाही देणं आपल्याले." रागानं नाही म्हटलं. पण पंप खाली ठेवला आन् दुसरीकडं पाहून म्हटलं. त्याईलेही लागलं होतं त मंग. माह्यापेक्षा जास्त.

मॅडमले विचारलं, नक्की इंग्रजीतच विचारतात का? मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? मी कधी पाहिली नाही गं ती स्पर्धा. पण तयारी असलेली बरी."

म्हणजे कोणालेच धड माहीत नाही. पण भेव मात्र माह्या एकटीच्या वाट्याले!

३ जानेवारी

मॅडमच्या फोनवर मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाह्यला. वरून गाणं लावलेलं, कोण काय बोलते कळत नाही. पहिली आली तिले माईक. दुसरीले माईक. तिसरीच्या गळ्यात त अजून मेडल पण नव्हतं, तरी माईक. चौथी मागं फुटपाथवर बसली होती. पाणी पिऊन राह्यली, बुटाची लेस सोडून राह्यली. तिच्याकडं कोणी पाह्यत पण नव्हतं.

मले तिचा लय हेवा वाटला.

१० जानेवारी

जेवण जात नाही. आई म्हणे नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. सर म्हणे वजन कमी झालं त पळता येणार नाही, खाय. त्याईनं घरून तुपाचे लाडू आणून देल्ले, काकूनं केलेले. खाल्ले. रडली पण.

१७ जानेवारी, मुंबई

सरच्या साल्याकडं उतरलो, डोंबिवलीले. आज छातीवर लावाचा नंबर घेतला. एवढा मोठा मंडप, एवढे लोक, आन् सगळे फडफड इंग्रजीत. एका पोरीनं मले काही विचारलं. मी "यस" म्हणून पुढं निघाली. सर मागून हळूच म्हणे, "बाथरूम कुठं ते विचारून राह्यली होती ते." आम्ही दोघंही हासलो.

उद्या. गजानन महाराज, सांभाळा.

१८ जानेवारी, गाडीत

चौथी आली.

सुरुवात लय चांगली झाली. सकाळी सरनं केळं खाऊ घातलं, पाठ थोपटली, म्हणे "पुढचं काही पाहू नको, पाय पाह्य." समुद्रावरच्या पुलावर वारा होता, पण दम लागला नाही. पेडर रोडच्या चढावर दोघींले मागं टाकलं. तिथून मी तिसरी! रस्त्याच्या दोन्ही कडंनं लोक टाळ्या वाजवून राह्यले, एक आजी थाळी वाजवत होती. मागची लय दूर होती.

मंग एकोणचाळिसाव्या किलोमीटरले पोटात कळ आली. उजवीकडं, बरगडीखाली. वाकून वाकून पळली. मागची पोरगी आली आन् पुढं निघून गेली. चौदा सेकंदांचा फरक पडला.

मी दोरीच्या अलीकडं उभी होती. चार हातावर ती, तिसरी आलेली. पहाडातली कुठली तरी आहे, लहानखुरी, माह्याएवढीच. माईकवाला आला. मी कान टवकारले. तो म्हणे, "कैसा लग रहा है?" हिंदीत! ती हिंदीतच बोलली. मम्मीचं नाव घेतलं आन् रडली, तो पण "आराम से, आराम से" म्हणे, लोकाईनं टाळ्या वाजवल्या. एवढंच. एका मिनिटाचं काम.

सर धावत आले. काही विचारलं नाही. माहे बूट काढले, पायावर पाणी ओतलं. मंग हळूच, "काय झालं?" मी सांगतलं, कळ आली. म्हणे, "पोटाले कोणाचा इलाज आहे?"

जळगाव गेलं आता. सर समोरच्या बाकावर बसले आहेत. डोळे मिटले आहेत, पण झोपले नाहीत.

२० जानेवारी

गावात हार-नारळ घेऊन लोक आले होते. चौथी पण काय कमी आहे, म्हणे. शेजारच्या गोजरबाईनं पेढा कोंबला तोंडात. मी म्हशीच्या कोठ्यात जाऊन थुंकला.

२२ जानेवारी

आज सर घरी आले. खुर्ची देल्ली त बसले नाहीत, बाबासमोर उभेच राह्यले. म्हणे, "शेषराव, चूक माही हाय. सकाळी मीच केळं चारलं. रिकाम्या पोटी पळाची सवय होती तिले, मले कायले अक्कल सुचली! तिचा रेल्वेचा अर्ज माह्या हातानं गेला."

बाबा म्हणे, "जाऊ द्या हो सर, तुमचा काय दोष." एवढा मोठा माणूस! पाच वर्षं एक दिवस खाडा नाही केला. सायकल विकाचं म्हणे आता, गुडघे दुखतात म्हणे. जाता जाता मले म्हणे, "शनिवारी खामगावले पोटाच्या डॉक्टरकडं नंबर लावला हाय. अशी कळ बरी नाही."

मी ओसरीच्या खांबाले धरून उभी. हाव म्हटलं.

२३ जानेवारी

अठरा तारखेले इथं लिहिलं ते खोटं आहे. पोटात काही झालं नव्हतं. मी दोनदा मागं वळून पाह्यलं, ती दूर होती, म्हणून हळू झाली. ती पुढं निघेपर्यंत हळूच पळली.

या वहीले पण भेली मी. आता सरच्या घरी चालली.