आइलीच्या खांद्याला बसेल अशी

प्रिय बाबा,

हरणाच्या शिकारीसाठी आपल्या धाकट्या आइलीला पहिली रायफल कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर येत नाही. आठवतं ते एवढंच, की आजोबांच्या जड रायफलीच्या धक्क्याला भिऊन मी डोळे मिटले आणि नेम चुकला. मग नेम चुकलेल्यासाठी असलेल्या रिवाजाप्रमाणे रेइनोकाकांनी माझ्या शर्टाचं टोक कापून शिकारीच्या केबिनच्या भिंतीवर ठोकलं. "पंडितबाई, हरीण पुस्तकात नसतं हो!" काका अजून असेच चिडवतात का?

मी शिकागोत मजेत आहे. थंडी आपल्याकडच्यापेक्षा कमीच. आईच्या हातची खिमा-बटाटा भरलेली पास्टी मात्र इथे कुठेच मिळत नाही.

इथे शिकारीच्या पहिल्या दिवशी आपल्याकडच्यासारखी शाळेला सुट्टी नसते. मी मागितली, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हरणासाठी? अगं, निदान कुणाला तरी आजारी पाड!" मीही हसले. नंतर दिवसभर शिकवताना लक्ष खिडकीबाहेर होतं.

माझ्या वर्गातली मुलं आता कुठे वाचू लागलीत, बाबा. त्यांना सोडून यंदाही येववत नाही, पुढच्या वर्षीचंही सांगवत नाही.

आई म्हणाली, तुम्ही नंतर मला घेऊन दिलेल्या रायफलीला अजून तेल लावून ठेवता. ती हलकी आहे, धक्काही कमी देते. फक्त तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आइलीला लांब पडतो, आणि एकदा कापला की मला ती पुन्हा बसणार नाही.

मंगळवारी तुम्ही जंगलात असताना आईने ती हेल्मर बंदूकवाल्याकडे नेली. माझ्या सांगण्यावरून त्याने दस्ता दोन इंच कापला आहे.

तुमचीच,
सेल्मा