साडूच्या खिळ्यावरची किल्ली

संकठा घाट, वाराणसी

चि. वैदेही हिस काशीनाथमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझी शरदिनीमामी गुडघ्यांसकट खुशाल, आणि गंगामाईने पायऱ्यांवर सोडलेला गाळ वगळता घाटही खुशाल. तू पुण्यात पोथ्यांच्या त्या सर्व्हरपाशी दिवसभर एसीत बसतेस, तेव्हा कान झाकत जा.

पत्रास कारण तुझे वेणीमाधवकाका. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींना कारण हेच साडू असतात.) तू आम्हा पोथ्या टाइप करणाऱ्यांना कळवलंस की आता सर्व्हरवर शिरायला पासवर्ड बंद, प्रत्येकाने संगणकावर किल्ल्यांची जोडी बनवावी, सार्वजनिक किल्ली तुला पाठवावी आणि खाजगी किल्ली, जी ज्याच्या हाती तोच आत, ती सुरक्षित जागी ठेवावी. वेणीमाधवाला हे पहिल्या झटक्यात जमलं. जमू दे, देव कधीकधी डुलक्या घेतो. पण तेव्हापासून हा गृहस्थ रोज आमच्याकडे चहाला येतो, माझ्यासमोर लॅपटॉप उघडतो, "पासवर्ड? वो तो हम कब के छोड़ दिए, काशीनाथराव!" म्हणतो आणि व्हीआयपी रांगेतून दर्शनाला जावं तसा आत शिरतो. लगेच शरदिनी, "बघा, भाऊजींना कसं जमतं!"

शेवटी मीही जोडी बनवली. (यंत्राने विचारलं, किल्लीलाही पासवर्ड लावायचा का? किल्लीला कुलूप लावणारी माणसं मला संशयी वाटतात. एंटर दाबून पुढे गेलो.) सार्वजनिक तुला धाडली, राहिली खाजगी. आता आमच्या गल्लीत सुरक्षित जागा म्हणजे साडूच्या ओसरीतला खिळा. गावाला निघालो की घराची किल्ली आम्ही तिथेच टांगतो. म्हणून मुक्ताच्या लग्नाला नागपूरला जाताना खाजगी किल्ली पेन ड्राइव्हमध्ये घातली, त्याला दोरा बांधला आणि घराच्या किल्लीशेजारी टांगला. (आपल्याकडेही एक आहे, हे त्याला रोज दिसावं, एवढीच सात्त्विक इच्छा.)

परत येतो तो तुमच्या संस्थेचं पत्र! भोसले घाटाच्या पोथीचं माझं वाचन अद्वितीय, सबब दिवाळीनंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार. अगं, मी तर नागपुरात जिलब्या मोडत होतो! मेहुणीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. वेणीमाधवाच्या लॅपटॉपवर ठंडाई सांडली, त्यात त्याची किल्ली बुडाली, आणि तुला सांगायची लाज वाटली म्हणून तो मुलाच्या लॅपटॉपवरून, माझ्या किल्लीने, माझ्या नावावर काम करत बसला. ज्या ओळीपुढे मी "वाचता येत नाही" असं लिहून ठेवलं होतं, तीही या माणसाने लावली! लोकांना दुसऱ्याच्या स्तुतीचा हेवा वाटतो. मला माझ्याच स्तुतीचा वाटतो आहे, आणि यावर काशीतल्या कुठल्याच वैद्याकडे औषध नाही.

तेव्हा माझी किल्ली तत्काळ रद्द कर आणि संस्थेला खरं काय ते कळव. ज्याचं त्याला मिळावं.

तुझा,
काशीनाथमामा

ता. क. किल्ली रद्द करायची ती सत्कारानंतर कर. शाल आणून ठेवली असेल, दुकानदार परत घेत नाहीत. मणिकर्णिकेवर जाण्याआधी मी ती वेणीमाधवाला देऊन टाकीन.

ता. क. २. माझी ईमेल शरदिनी वाचते, म्हणून हे पत्र सर्व्हरवर माझ्या फोल्डरमध्येच ठेवतो आहे. पेन ड्राइव्ह कालच खिळ्यावरून काढून आणला. आता इथे तुझ्या-माझ्याशिवाय कोण येणार?

ता. क. ३. हे मामा नव्हेत, मी. चि. वैदेही, किल्लीची नक्कल मी करून ठेवली होती. (घराच्या किल्लीचीही आहे.) शाल मामांनाच दे. फक्त सत्काराच्या वेळी ती न लागणारी ओळ त्यांना स्टेजवर मोठ्याने वाचून अर्थ सांगायला सांग. मी पहिल्या रांगेत बसेन. तुझा, वेणीमाधवकाका.