प ला काना

२ जून, रविवार
शाळेत असताना ताई आणि मी चौदा नंबरच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसायचो. ताई दुकानांच्या पाट्या मोठ्यांदा वाचायची आणि मी त्यांतल्या स्पेलिंगच्या चुका काढायची. एकदा मी एका शिंप्याच्या पाटीत तीन चुका काढल्या, तेव्हा ताईने कंडक्टरला अभिमानाने सांगितलं होतं की ही माझी धाकटी बहीण.

ती चौदा नंबर कालपासून बंद. तोट्यात होती म्हणे. दर गुरुवारी ताई त्याच बसने माझ्याकडे येते. तिच्या दारात चढायचं, माझ्या दारात उतरायचं. आता तिच्या गुडघ्यांनी दोन बस बदलून कसं यायचं?

ताई फोनवर म्हणाली, त्यात काय, तू ये. मी समजावलं की प्रश्न येण्याजाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे.

संकल्प: बस सुरू होईपर्यंत रोज एक जाहीर कॉमेंट. सूनबाईने मला फोनवर खातं उघडून दिलंच आहे. भाषा सभ्य. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवायच्या तशी, इंग्रजीत: आधी अभिवादन, मग मुद्दा, शेवटी आभार.

४ जून, मंगळवार
वाहतूकमंत्र्यांच्या पेजवर त्यांचा सायकलवरचा फोटो होता. लिहिलं: सर, मागच्या चाकात हवा कमी दिसते, काळजी घ्या. चौदा नंबर सुरू करा. आभारी आहे.

लगेच उत्तर! ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ इतका मोठा माणूस, पण माझी कॉमेंट यायची वाट बघत बसला असावा.

हे म्हणाले, ते मशीन उत्तर देतं. यांना दुसऱ्याचं कौतुक कधी सोसलेलं नाही.

६ जून, गुरुवार
ताई नाही. सवयीने तिच्याही वाटचा चहा टाकला. तो यांनी प्यायला आणि साखर नाही म्हणून तोंड वाकडं केलं. ताईला साखर चालत नाही, हे यांना इतक्या वर्षांत माहीत नाही.

हाताला सवय राहावी म्हणून बिस्किटवाल्या कंपनीलाही लिहिलं. पूर्वी तुमचं बिस्किट चहात बुडवलं की वर यायचं. आता गेलं ते गेलंच.

कंपनीचं उत्तर: ‘आम्हाला डीएम करा.’ डी. एम. म्हणजे डेप्युटी मॅनेजर असणार. ‘Dear D.M.’ असा मायना घालून सविस्तर लिहिलं, त्याच जागी, सगळ्यांना दिसेल असं. लपवाछपवी मला आवडत नाही.

११ जून, मंगळवार
कामाचा व्याप वाढला आहे. शाम्पूची बाटली वरून निम्मी रिकामी, त्यांना लिहिलं. मोबाइल कंपनीचा मालक मुलाखतीत टी-शर्ट घालून बसला होता, त्याला लिहिलं की बाळा, एवढा पैसा आहे, एखादा इस्त्रीचा शर्ट घे. अर्थमंत्र्यांचं भाषण लांबलं, त्यांना मुद्देसूद लिहिण्याच्या चार सूचना केल्या.

ताईचा फोन. टॅक्सी करून ये म्हणाली. मान दुखते म्हणून सांगितलं. कशाने दुखते, असं तिने विचारलं. मी हवेचा विषय काढला.

१३ जून, गुरुवार
ताई नाही. मंत्र्यांकडून माझ्या प्रत्येक कॉमेंटला तेच उत्तर, अक्षरही बदललेलं नाही. माणूस शब्दाचा पक्का आहे, पण काम शून्य.

आता शेवटचं हत्यार. त्यांनी मंत्रिपद सोडावं अशी मागणी. तीही मराठीत, म्हणजे सामान्य माणसापर्यंत पोचेल. मी इंग्रजी अक्षरं टाइप करते, फोन त्यांचं मराठी करून देतो. ‘राजीनामा’ फार लांबलचक, म्हणून सुटसुटीत शब्द घेतला. p-a-d केलं तर सारखं ‘पॅड’ येत होतं. आणखी एक a घातला, शब्द आला. चष्मा सापडत नव्हता, पण लांबून बरोबर दिसला.

मजकूर इतका साधला आहे की संग्रहासाठी इथे उतरवून ठेवते:

‘माननीय मंत्रीमहोदय, आता तरी पद सोडा. जनतेसमोर सोडा. इतके दिवस धरून ठेवल्याने तुमच्या तब्येतीवरही परिणाम होत असेल. तुमच्या आधीच्या मंत्र्यांनी कसलाही आवाज न करता पद सोडलं होतं, आजही लोक त्यांची आठवण काढतात. सगळ्या मंत्रिमंडळाने एकदम पद सोडलं, तर देशातलं वातावरणच बदलून जाईल. चौदा नंबर बंद झाल्यापासून माझी ताई गुरुवारची माझ्याकडे येऊ शकत नाही. आभारी आहे.’

सिस्टरनी दहापैकी नऊ दिले असते. दहा त्या कुणालाच देत नसत.

१४ जून, शुक्रवार
हजारो लोकांचा पाठिंबा! नुसती हसरी तोंडं, काहींच्या डोळ्यांत तर आनंदाश्रू. एकाने लिहिलंय, ‘काकू, वाऱ्याची दिशा कळवत राहा.’ राजकारणाची चांगली समज दिसते. दुसरा म्हणतो, मंत्र्यांच्या पुढच्या सभेला मास्क लावून जाणार. तब्येतीला जपणारी पिढी आहे. उगाच नावं ठेवतात.

१७ जून, सोमवार
सूनबाईचा ऑफिसातून फोन. तिथे सगळ्यांनी वाचलं. ‘आई, तुम्ही जे लिहिलंय ना,’ एवढं म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. आवाज थरथरत होता. मला सासू म्हणून भरून आलं.

हे मात्र कॉमेंट वाचून बाथरूममध्ये जाऊन बसले. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज. डॉक्टरांना दाखवायला हवं.

संकल्प: विजय झाल्यावर गर्व करायचा नाही.

१८ जून, मंगळवार
संध्याकाळी टीव्हीवर मंत्र्यांचं भाषण. माझा उल्लेख! ते म्हणाले, एका काकूंनी मला जे सोडायला सांगितलंय ते मी नियमित सोडतो, पद मात्र सोडणार नाही. सभेत हशा. मला काही अर्थ लागेना. दोन्हींत फरक काय?

सूनबाईने टीव्ही बंद केला, समोर बसली, माझा चष्मा स्वतःच्या पदराने पुसून मला दिला आणि फोन पुढे केला.

प ला काना. प्रत्येक ठिकाणी.

१९ जून, बुधवार
तो शब्द मी या वहीत लिहिणार नाही. सिस्टरनी साबणाने तोंड धुवायला लावलं असतं.

दोष फोनचा आहे. कंपनीच्या टी-शर्टवाल्या मालकाला कळवणार होते, पण फोन कपाटात टाकला आहे.

२० जून, गुरुवार
ताई नाही. कुणीच नाही. दूधवाला हसला. तो एरवीही हसतो का, आठवत नाही.

हे म्हणतात, हसू देत, पण बसचं काम झालं असेल. सूनबाईला कॉमेंटखालची उत्तरं बघायला सांगितलं. तिने बराच वेळ अंगठा सरकवला. एवढ्या माणसांत चौदा नंबरबद्दल कुणीही एक अक्षर लिहिलेलं नाही. शेवटच्या वाक्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

याचं मात्र वाईट वाटलं. शब्दापेक्षा जास्त.

२४ जून, सोमवार
ताईचा फोन. यांनी कपाटातून काढून माझ्या कानालाच लावला. तिला शेजारणीने कॉमेंट दाखवली म्हणे. आधी ती नुसतीच हसत राहिली. मीही थोडा वेळ रागावून बघितलं, मग जमेना. दोघींच्या पोटात दुखायला लागलं.

मग ती म्हणाली, “छोटे, शेवटचं वाक्य मी वाचलं. ताई येऊ शकत नाही हे सगळ्या जगाला कळवलंस. पण तुला यायला कोणत्या मंत्र्याची परवानगी लागते गं?”

मानेचं सांगणार होते. मान आठवडाभर दुखलेली नाही.

२६ जून, बुधवार. सकाळ.
दारात भलं मोठं खोकं. पचनाच्या गोळ्या करणाऱ्या एका कंपनीने पाठवलंय. सोबतच्या चिठ्ठीत मला त्यांच्या जाहिरातीत घेण्याची विनंती. मराठी अशुद्ध. दुरुस्त करून परत पाठवणार होते, राहू दे.

बस काही सुरू होत नाही. खोक्याची वाटणी अशी, यांनी नीट वाचून करावी:

सूनबाईच्या ऑफिसला: एक डबा. वर माझं नाव घालू नये.

दूधवाल्याला: एक. तेव्हाही हसला, तर तो एरवीही हसतो असं धरावं.

बिस्किट कंपनीच्या डी. एम.ना: एक, पोस्टाने.

यांना: दोन. खोकल्यावर चालतात का ते बघावं.

मंत्र्यांना: एकही नाही. त्यांचं नियमित आहे, त्यांनीच जाहीर सांगितलंय.

ताईला: उरलेले सगळे, आणि मी. टॅक्सी खाली उभी आहे. आज गुरुवार नाही, तरी.